बेणारेचं स्वगत पाठ आहे, पण पोचत नाही

तू लिहिलंयस की स्पर्धेसाठी तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसतंय, त्यातल्या लुटुपुटीच्या खटल्यात आरोपी केलेल्या बेणारे बाईचं स्वगत तोंडपाठ आहे, पण उभी राहिलीस की वक्तृत्व स्पर्धा वाटते. मी ही भूमिका केली आहे, नंतर दोन मुलींकडून करून घेतली आहे. म्हणून कळकळीने सांगते, पंधरा दिवस स्वगताला हातच लावू नकोस.

आधी पहिला अंक घेऊन बस. बेणारे गावातल्या सामंतांबरोबर हॉलवर येते तीच कडीत बोट चिमटलेलं घेऊन, आणि तरी तिची बडबड, गाणं, थट्टा चालूच. वरवर वाचलं तर ती खुशीत आहे. पण पुढे तिच्याच नाटकमंडळीतल्या पोंक्षेच्या साक्षीत तिच्या पर्समधली टिक-२० ची, म्हणजे ढेकणांच्या विषाची, बाटली निघते. पहिल्या एंट्रीलाच तिच्या पोटात मूल आहे आणि प्रेक्षकांना ते अजून माहीत नाही. मी माझ्या संहितेत तिच्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहायचे, 'आत्ता ही काय झाकतेय?' बैठ्या वाचनांचा सगळा वेळ त्यातच गेला आणि तो सत्कारणी लागला. ज्यांच्यापासून ते मूल आहे ते प्रा. दामले तर नाटकात येतच नाहीत. त्यांचा विषय निघाला की तुझ्या श्वासाचं काय होतं, ते तुला ठरवावं लागेल.

उभ्या तालमीत पहिल्या दिवसापासून खरी पर्स घे. रंगीत तालमीला हातात आलेली पर्स परकी वाटते.

तिसऱ्या अंकात बेणारे बराच वेळ गप्प असते. ती शांतता बसवायला संवादांपेक्षा जास्त तालमी लागतात. तुमच्या दिग्दर्शकांना सांग, हा अंक न थांबता सलग करू द्या. सुटं स्वगत घोटू नका. खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात, बाकीचे गोठतात, आणि एवढं मोठं स्वगत त्या दहा सेकंदांत होतं. तिथे कुणीही तिचं ऐकत नाहीये. तू सहकलाकारांकडे बघून त्यांना पटवायला जातेस, तिथेच त्याचं भाषण होतं.

रंगायन या नाट्यसंस्थेच्या १९६७ च्या प्रयोगात सुलभा देशपांडे बेणारे होत्या, १९७१ च्या चित्रपटातही त्याच. तो जरूर बघ, पण तुझी बेणारे उभी राहिल्यावर. मी आधी बघितला, आणि त्यांचे पॉज माझ्या अंगातून काढायला महिना गेला.