फॉरमॅटला आधी नाही म्हणा

प्रश्न : सावद्यात आमचं केळी खरेदीचं छोटं ऑफिस आहे. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांची उचल, मजुरी, ट्रकभाडं, सगळं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा आय-३, हार्ड डिस्क जुनी. पुतण्याने विंडोज १० वरून ११ टाकायला घेतलं आणि ६२ टक्क्यांवर लाईट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेलीच होती. आता चालू केलं की काळ्या पडद्यावर तारीख-वेळ लावा म्हणतं. एफ-१ दाबलं की निळा पडदा, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', आणि परत पहिल्यापासून तेच. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट करू, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू. तीन वर्षांचा हिशेब आत आहे, बॅकअप नाही.
— एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, दुरुस्तीवाल्याला आधी नाही सांगा. विंडोज अर्धवट राहिलं म्हणजे हिशेब गेला असं नाही. तारीख-वेळ लावा म्हणतं, हे तुम्ही सहज लिहून गेलात. मी मात्र त्याच ओळीवर थांबलो.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो. त्यावर 'सीआर २०३२' छापलेलं असतं, ३ व्होल्टचा. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम. लाईट नसताना त्याच्या सेटिंग या सेलच्या जोरावर टिकतात. सेल मेला तरी एरवी कळत नाही, कारण भिंतीचं बटण चालू असेपर्यंत बोर्डला करंट मिळत असतो. त्या दिवशी लाईट गेली, यूपीएसही गेला, आणि बायोस मूळ सेटिंगवर गेला असणार. त्यात हार्ड डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डने डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. तुमचा निळा पडदा नेमकं तेच सांगतोय.

पण सेलला हात लावण्याआधी हिशेब बाहेर काढा. विंडोज उठलं की ते अर्धवट अपग्रेड मागे घ्यायला बसेल, आणि त्यात जुनी डिस्क तासन्‌तास राबेल. तेवढी जोखीम बॅकअप नसताना घेऊ नये. डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा आणि डेटा काढणाऱ्या माणसाकडेच न्या.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, बूट होईल अशी उतरवून घ्या आणि बूट मेनूतून, म्हणजे मशीन कशावरून चालू करायचं ते विचारणाऱ्या यादीतून, त्यावर मशीन चालू करा. बूट मेनूची कळ कंपनीगणिक वेगळी, कुठे एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एफ-११. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं चिन्ह दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका. डिस्क उघडताना 'फक्त वाचता येईल' असं आलं तरी चालेल, आपल्याला वाचायचंच आहे. टॅलीप्राइम असेल तर सी ड्राइव्हवर यूझर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा असं आत जा. तिथे तुमच्या फर्मचं नाव शोधू नका. फोल्डरला १०००० सारखा नुसता आकडा असतो. पूर्ण डेटा फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्या मशीनवरच्या टॅलीत उघडून शेवटची पावती डोळ्यांनी बघा.

मी हे इतकं ताणून सांगतोय, कारण सुरुवातीच्या दिवसांत धुळ्यात एका किराणा दुकानाचं मशीन मी असंच फॉरमॅट केलं होतं. दुकानदाराच्या आईने कच्च्या चिठ्ठ्यांवरून उधारी पुन्हा वहीत लिहून काढली, आठ दिवस. ती वही मी पाहिली आहे.

मग प्लग काढून सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. छापील बाजू वर ठेवायची. बायोसमध्ये तारीख लावा, हार्ड डिस्कचा मोड बघा, तिथे त्याला 'साटा मोड' म्हणतात : आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई. बहुतेक तेवढ्यावर विंडोज उठेल आणि आपोआप १० वर परत येईल. नाही आलं, तर दुरुस्तीच्या निळ्या पानावर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मध्ये फीचर अपडेट, म्हणजे ते अर्धवट ११, काढायचा पर्याय असतो. तोही चालला नाही तर खुशाल फॉरमॅट करा, हिशेब तुमच्या खिशात आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीचा आधार संपला म्हणून पुतण्याने घाई केली असेल, त्याला रागावू नका. पण ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, या मशीनवर पुन्हा प्रयत्न नको. यूपीएसची बॅटरी मात्र याच आठवड्यात बदला. आणि मोड बदलून काय झालं ते मला कळवा.