मन जड असताना सण करावा का?

प्रश्न : आमच्या घरी भक्ती म्हणजे उपवास, पापकबुली आणि डोळ्यांत पाणी. परवा पाळक उपासनेत म्हणाले, "आनंद करणं हीसुद्धा साधना आहे." वडिलांना जाऊन वर्षही झालेलं नाही, आई गप्प गप्प असते. मनात नसताना आनंद करायचा, हे ढोंग नाही का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दुःख लपवण्यासाठी हसलात तर ते ढोंग. तसं कुणी सांगत असेल तर मुळीच ऐकू नका. पण पाळकांचं म्हणणं मला पटतं.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, एज्रा शास्त्री लोकांसमोर मोशेचं नियमशास्त्र वाचतो आणि लोक रडू लागतात. त्यांना सांगितलं जातं, आजचा दिवस पवित्र आहे, शोक करू नका. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाटा पाठवा. नुसतं 'मन प्रसन्न ठेवा' म्हणून सोडून दिलेलं नाही, हातांना काम दिलंय. बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मंडपांचा सण सात दिवसांचा, आणि त्यात कुणाकुणाला घ्यायचं तेही सांगितलंय: मुलं, दासदासी, लेवी (उपासनेची सेवा करणारे), परके, अनाथ, विधवा. घरातलं माणूस गेलेलेही त्या पंगतीत होते, आणि देवाच्या आज्ञेनं होते. तिथे तुमच्या आईची जागा आहे, तुमचीही.

रडू आलं तर? एज्राच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात, नव्या मंदिराचा पाया घातला जातो. पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्यानं रडतात, बाकीचे हर्षानं ओरडतात, आणि रडणं कुठलं, जयघोष कुठला, हे कुणालाच ओळखू येत नाही. कुणी त्या म्हाताऱ्यांना बाजूला नेलं नाही. हा उतारा आईसोबत वाचाच.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस आपण काटेकोर पाळतो आणि ईस्टरच्या रविवारचा, पुनरुत्थानाचा आनंद सोमवारीच आवरून ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं. तो काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा आहे! इ.स. 325 च्या नायसिया इथल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेनं तर त्या दिवसांत आणि दर रविवारी गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करावी, असं ठरवून दिलं होतं. आनंद शरीरानंही करायचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या घरी प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याची तारीख पाळतात. मेणबत्ती लावायची, बाप्तिस्म्याच्या वेळची वचनं त्या माणसानं पुन्हा मोठ्यानं म्हणायची, मग बाकीच्यांनी त्याच्याविषयी देवाचे आभार मानायचे. सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांच्या तारखेलाही आम्ही मेणबत्ती लावली. आभार मानताना आवाज फुटेना, तरी मानले.

तुम्ही एक रविवार ठरवा. वडिलांना आवडणारं गीत उभं राहून म्हणा. एकटं पडलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना जेवायला बोलवा, आणि बोलावणं आईलाच करू द्या.