‘हरिजन’ आणि ‘दलित’: अर्थ एक, मग शब्द दोन का?

‘अस्पृश्य, हरिजन, दलित हे शब्द एकाच समाजासाठी वापरले गेले, मग एकाचा राग आणि दुसऱ्याचा अभिमान का?’ अशी पृच्छा आहे. माझ्या मते याचे निम्मे उत्तर व्याकरणातच आहे.

‘अस्पृश्य’ हे विध्यर्थी रूप आहे: स्पर्श करू नये असा. दोष जणू त्या माणसाच्या अंगचाच आहे, असे तो शब्द गृहीत धरतो. ‘दलित’ (दल् म्हणजे फुटणे, भरडले जाणे) आणि ‘बहिष्कृत’ ही मात्र कर्मणी भूतकालवाचक रूपे आहेत, त्यामुळे ती ऐकताच ‘कोणी दळले, कोणी बाहेर घातले?’ हा प्रश्न उभा राहतो. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा ही निवड सहज झाली असेल असे मला वाटत नाही. त्याआधी, १९०६ साली समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपल्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’च्या मराठी नावात ‘निराश्रित’ शब्द घातला होता.

‘हरिजन’मध्ये (हरीची, म्हणजे देवाची माणसे) कर्ताही नाही आणि कृतीही नाही, आहे तो केवळ गौरव, आणि तोही बाहेरून बहाल केलेला. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा आंबेडकरांचे सहकारी भाऊराव गायकवाडांनी विचारले की अस्पृश्य जर देवाची माणसे, तर स्पृश्य काय राक्षसांची? शब्द कायम राहिला आणि आंबेडकरांच्या पक्षाने सभात्याग केला.

‘दलित’ला आजची धार आली ती १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेमुळे. पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, स्त्रिया अशा सर्व शोषितांना या शब्दात घेतले. ही व्याप्ती पँथरचे एक नेते राजा ढाले यांना मान्य नव्हती आणि त्या वादाचा संघटनेच्या फुटीशी निकटचा संबंध होता. शब्दाच्या व्याख्येवरून चळवळ दुभंगते, हे सामाजिक विचारांच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

आज लिहिताना कायदा व शासनव्यवहार यांसाठी ‘अनुसूचित जाती’, चळवळ व साहित्य यांसाठी ‘दलित’ योग्य ठरते. मात्र व्यक्तीविषयी लिहिताना तिला आधी विचारावे, कारण अनेकांना ‘बौद्ध’ किंवा ‘आंबेडकरी’ हीच आपली ओळख वाटते.