केसपेपरवरचे नाव

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

ताई, मी राजारामपुरीत राहते आणि एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे यजमान एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहेत, एटीआर जातीचे छोटे प्रवासी विमान चालवतात. त्यांचा बेस हैदराबादला आहे आणि सुट्टीला ते कोल्हापुरात येतात. गेल्या दिवाळीपासून त्यांची झोप आणि भूक गेली आहे. घरी आले की ते खोलीचे दार लावून पडून राहतात आणि मुलीशीही बोलत नाहीत. ‘नैराश्य हा शब्द माझ्या नावापुढे कुठेही लागला तर मेडिकल (उड्डाणासाठीचे वैद्यकीय प्रमाणपत्र) जाईल आणि मेडिकल गेले की सगळेच गेले’, असे ते म्हणतात. प्रशिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून सहा वर्षे आहेत आणि त्यासाठी सासऱ्यांचे शेत तारण आहे. म्हणून आम्ही मिरजेच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि यजमानांची सगळी लक्षणे मी माझी म्हणून सांगितली. केसपेपर माझ्या नावाचा आहे, गोळ्या ते घेतात. रात्रीच्या गोळीमुळे सकाळी स्कूटर जपून चालवा, असे डॉक्टरांनी मला बजावले, तेव्हा गाडीत बसल्यावर आम्ही दोघे कितीतरी दिवसांनी हसलो. आता तो केसपेपर सासूबाईंच्या हाती लागला आहे. त्या रागावल्या नाहीत, पण मला क्षणभर एकटे सोडत नाहीत, रात्री दूध घेऊन येतात, मुलीला स्वतःजवळ झोपवतात आणि नणंदेशी फोनवर हळू आवाजात बोलतात. मला हे असह्य झाले आहे. यजमानांना दिलेले वचन मोडून सासूबाईंना खरे सांगावे, की सोसावे? पुढच्या महिन्यात यजमानांचे मेडिकल आहे. तोवर घरात शांतता हवी आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रातील सासूबाईंचा भाग मी एकदा वाचला आणि स्कूटरचे वाक्य चार वेळा.

डॉक्टरांनी तो इशारा सकाळी शाळेला जाणाऱ्या एका शिक्षिकेला दिला होता. झोप यावी म्हणून दिलेल्या पुष्कळ औषधांचा अंमल सकाळपर्यंत उरतो, समोर काही आले तर हात उशिरा हलतो आणि माणसाला मात्र आपण नीट जागे आहोत असेच वाटत राहते, म्हणून राजारामपुरीच्या चढावर तुम्ही पडू नये एवढी काळजी त्यांनी घेतली. ती गोळी गिळणारा माणूस पहाटे उठून हैदराबादच्या विमानतळावर जाणार आहे आणि सत्तर माणसांना घेऊन उडणार आहे, हे त्यांना कळले असते तर त्यांनी स्कूटरचे नावही काढले नसते. गोळी लिहून देण्याआधी त्यांनी उड्डाण थांबवायला सांगितले असते. तुम्ही दोघे कितीतरी दिवसांनी हसलात, हे वाचून मला आधी भरून आले आणि मग फार भीती वाटली. नवऱ्याला हसताना पाहण्यासाठी आसुसलेल्या बाईचे ते हसणे मला समजते, पण त्या वाक्यातला धोका तुम्हा दोघांपैकी एकालाही ऐकू आला नाही, हे मी सोडून देऊ शकत नाही.

आता डॉक्टरांच्या त्या खोलीत परत जाऊ या. तुम्ही रुग्णाच्या खुर्चीत होतात आणि ते शेजारी, सोबत आलेल्या नवऱ्याच्या खुर्चीत. झोप किती तास लागते, पहाटे जाग आल्यावर मनात काय येते, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, दारू घेता का, हे सगळे प्रश्न डॉक्टरांनी तुम्हाला विचारले असतील. कधी जगणे नकोसे वाटते का, हेही विचारले असेल, कारण नैराश्याच्या रुग्णाला हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही जाणता मानसोपचारतज्ज्ञ उठत नाही. तुम्ही काय उत्तर दिलेत? बहुधा ‘नाही’ म्हणाला असाल. ते ‘नाही’ कोणाचे होते? तुमचे असेल तर ते तिथे निरुपयोगी होते आणि यजमानांचे असेल तर तुम्ही ते त्यांना विचारून घेतले होते का? दार लावून पडून राहणाऱ्या, पोटच्या मुलीशी न बोलणाऱ्या त्या माणसाला हा प्रश्न आजवर एकाही माणसाने विचारलेला नाही, असे तुमचे पत्र वाचून मला वाटते. आज रात्री तुम्ही तो विचारा, फोनवर असले तर फोनवर. विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तराने तुमचा थरकाप झाला तर त्यांना एकटे राहू देऊ नका आणि रात्र असली तरी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्य सेवेच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

तुम्ही नवऱ्यासाठी त्याग केला, असे तुम्हाला वाटत असावे. मला तसे वाटत नाही. डॉक्टरांचे प्रश्न तुम्हाला मिळाले, त्यांचा इशारा तुम्हाला मिळाला, सासूबाईंचे दूध आणि त्यांची रात्रीची जाग तुम्हाला मिळाली. आजारी माणसाच्या वाट्याला फक्त गोळी आली. ती लागू पडते आहे की नाही, तिचा त्रास होतो आहे का, मात्रा वाढवायची की औषध बदलायचे, हे ठरवताना डॉक्टर पाहतात तुमच्या चेहऱ्याकडे. अशा औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते आठवडे रुग्णावर नीट लक्ष ठेवण्याचे असतात. तुमच्या घरात लक्ष ठेवले जात आहे, पण ते निरोगी बाईवर.

यजमानांची भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. डोक्यावर प्रशिक्षणाचे कर्ज, तारण ठेवलेले वडिलांचे शेत आणि दरवर्षी नव्याने सिद्ध करावे लागणारे आरोग्य, एवढे ओझे फार थोड्या नोकऱ्यांत असते. हार्वर्डच्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या, वैमानिकांना नाव न विचारता केलेल्या पाहणीत 12.6 टक्के वैमानिकांची उत्तरे नैराश्याच्या निकषात बसली होती. म्हणजे साधारण आठांमागे एक. अमेरिकेतील 2022 च्या दुसऱ्या एका अभ्यासात निम्म्याहून अधिक वैमानिकांनी, वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल या धास्तीने आपण कधी ना कधी डॉक्टरांना टाळले किंवा त्यांच्यापासून काही लपवले, हे मान्य केले. तेव्हा तुमचे यजमान या भीतीत एकटे नाहीत. भीती इतक्या जणांना वाटते याचा अर्थ नियमांतही सुधारायला जागा आहे, आणि ती सुधारणा वैमानिकांच्या घरच्यांनी मोठ्या आवाजात मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण नियम नेमका काय म्हणतो, ते तुम्ही दोघांनी शांतपणे वाचलेले दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात वैमानिकांच्या परवान्यांचे आणि आरोग्याचे निकष आहेत. नैराश्यावर औषध घेणाऱ्या अर्जदाराला अपात्र ठरवावे, असे तिथे सुचवले आहे, मात्र प्रकरणाचे तपशील हाताशी असलेल्या वैद्यकीय मूल्यमापकाला हा आजार सुरक्षित उड्डाणाच्या आड येणार नाही असे वाटले, तर गोष्ट वेगळी, असेही त्याच वाक्यात म्हटले आहे. या मुभेचा आधार घेत ऑस्ट्रेलियाने अनेक वर्षे काही वैमानिकांना औषध चालू असताना देखरेखीखाली उडू दिले आहे आणि अमेरिकेने एप्रिल 2010 पासून ठरावीक चार औषधांसाठी, प्रत्येक प्रकरण वेगळे तपासून, परवानगी द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे औषध चालू आहे तोवर उडता येणार नाही, असे धरूनच तुम्ही चाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) अशा वैमानिकाला आधी तात्पुरते अपात्र ठरवते आणि आजार आटोक्यात आल्यावर त्याची फेरतपासणी होते. अशा तपासण्या करणारी हवाई दलाची केंद्रे दिल्लीला आणि बंगळुरूला आहेत.

आता ‘प्रकरणाचे तपशील’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. आजार कोणत्या महिन्यात सुरू झाला, निदान कोणी केले, कोणते औषध किती मात्रेत दिले, गुण कधी आला, औषध कधी आणि कसे थांबवले, त्यानंतर किती काळ माणूस ठीक राहिला, हे कागद फेरतपासणी करणारे डॉक्टर मागणार. तुमच्या यजमानांकडे यातला एकही कागद नाही. जो आहे तो एका निरोगी शिक्षिकेचा आहे. ज्या केसपेपरच्या जोरावर ते पुन्हा कॉकपिटमध्ये बसू शकतील, तोच तुम्ही त्यांचा होऊ दिलेला नाही, आणि त्या खोट्या कागदाचा प्रत्येक महिना त्यांच्या परतीच्या वाटेतला एक महिना खातो आहे. पुढच्या महिन्यात अर्जावर पूर्वीच्या आजारांची आणि औषधांची माहिती देऊन त्यांना सही करायची आहे. आजारामुळे मिळालेली अपात्रता उठू शकते, पण खोट्या सहीचा डाग औषधाने जात नाही. हप्त्यांची काळजी असेल तर परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा त्यांनी किंवा कंपनीने काढला आहे का, मानसिक आजाराबद्दल त्यात काय लिहिले आहे, ते आधी पाहा. माहिती लपवल्यावर तोही दावा उभा राहणार नाही.

एक उदाहरण द्यावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. तुमच्या यजमानांची त्या माणसाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही, कारण नैराश्याने ग्रासलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत. 24 मार्च 2015 रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्सच्या डोंगरावर आदळवले आणि 150 माणसे गेली. त्यात तो स्वतःही होता. फ्रान्सच्या तपास यंत्रणेच्या 2016 च्या अहवालात जे वाचून माझे मन सुन्न झाले, ते असे: त्याने आधीच्या काही महिन्यांत अनेक डॉक्टरांना दाखवले होते, एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात उपचारांसाठी पाठवण्याचे सुचवले होते, त्या दिवशी कामावर जाऊ नये अशी चिठ्ठीही त्याच्याकडे होती, आणि यातले काहीही कंपनीपर्यंत पोहोचले नाही. परवाना आणि उत्पन्न जाण्याची भीती हे त्यामागचे एक कारण असल्याचे तपास करणाऱ्यांनी नोंदवले, आणि म्हणूनच वैमानिकांसाठी सहकाऱ्यांचे आधारगट असावेत, अशी शिफारस केली. आपल्या महासंचालनालयानेही 2023 मध्ये मानसिक आरोग्याविषयीच्या सूचनांत असे गट सुचवले आहेत. वैमानिक त्याला पिअर सपोर्ट म्हणतात. यजमानांच्या कंपनीत तो आहे का, हे त्यांना माहीत असेल. त्यांनी तिथे फोन करण्याइतके बळ आणावे.

कोल्हापूरच्या माणसाला वेगळे काय सांगायचे? खांदा निखळलेल्या पठ्ठ्याला वस्ताद आखाड्यात उतरू देत नाही. पठ्ठा चिडतो, घरी बसतो, खांदा बांधून घेतो आणि पुढच्या मोसमात पुन्हा मातीत येतो. दुखणे लपवून जो खासबागेत उतरतो, त्याचा खांदा कायमचा जातो. लपवलेले दुखणे घेऊन कॉकपिटमध्ये बसले, तर मागे बसलेली सत्तर माणसेही त्याच्याबरोबर पणाला लागतात, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

तेव्हा तुम्ही एकच गोष्ट करायची आहे. पुढच्या ड्यूटीआधी यजमानांना सिक रिपोर्ट करायला, म्हणजे आजारी असल्याचे कंपनीला कळवायला लावा आणि त्याच मिरजेच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. या वेळी रुग्णाच्या खुर्चीत ते बसतील. घडलेले सगळे सांगा आणि त्यांच्या नावाचा केसपेपर काढून घ्या. डॉक्टर रागावले तर रागावू द्या, ते उपचार नाकारणार नाहीत, आणि रुग्णाची गोपनीयता राखणे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक केले आहे. तोवर गोळ्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवल्या तर चक्कर, अस्वस्थता आणि पुन्हा निद्रानाश असा वेगळाच त्रास सुरू होतो. उड्डाण थांबवायचे आहे, औषध नाही. ते यायला तयार झाले नाहीत तर तुम्ही एकट्या जा, गोळ्या मागू नका आणि डॉक्टरांना सत्य सांगा. आणि एवढे होऊनही ते विमानाकडे निघाले, तर कंपनीच्या वैद्यकीय विभागाला फोन करण्याचे काम तुमचे आहे. त्या दिवशी ते तुमच्यावर चिडतील, कदाचित पुष्कळ दिवस बोलणार नाहीत. ते आजही बोलत नाहीत.

वचनाबद्दल तुम्ही विचारले आहे. ते वचन आजाराने मागितले होते, म्हणून ते पाळण्याचे ओझे मी तुमच्यावर ठेवणार नाही. पण सासूबाईंना तुम्ही काही सांगू नका, ते त्यांच्या मुलाने सांगावे. मिरजेला जाताना सासूबाईंना गाडीत बरोबर घ्या, पन्नास किलोमीटरच्या वाटेत यजमानांनी आईला सांगावे आणि तुम्ही खिडकीबाहेर पाहत गप्प बसा. सुनेच्या उशाशी इतक्या रात्री जागलेल्या त्या माउलीला त्यानंतर कोणी काही समजावण्याची गरज पडणार नाही. दूध कोणाच्या उशाशी ठेवायचे, ते त्या रात्री त्यांचे त्या ठरवतील.