आधी इंजेक्शन, मग पुणे

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे. पहाटे चारला छातीत जळजळ सुरू झाली, दरदरून घाम फुटला. पित्त समजून ओवा-सोडा दिला आणि उजाडायची वाट पाहिली. सातला इथल्याच दवाखान्यात नेलं. त्यांनी ईसीजी काढून लगेच एक इंजेक्शन दिलं, मग पुण्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टी झाली. आता हृदय ४० टक्केच चालतं म्हणतात. भाऊ म्हणतो, इंजेक्शनात वेळ घालवला, थेट पुणं गाठायला हवं होतं. खरं काय?
– एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, भावाला सांगा, त्या इंजेक्शनाने वेळ वाचवला. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. फुग्याने वाहिनी उघडणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, सर्वांत चांगलं, पण ईसीजीत अटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत जमणार असेल तर. तुम्हाला घाट चढून पुणं गाठायचं होतं. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी आणि अँजिओग्राफी (हृदयाच्या वाहिन्यांची तपासणी) चोवीस तासांत, हाच योग्य क्रम.

मी तालुक्याच्या गावी होतो तेव्हा स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध तासभर सलाईनमधून सोडायचो आणि बीपी मोजत खाटेशेजारी बसायचो. एकदा लावणी अर्धी टाकून एक शेतकरी आला, दुखू लागून पाऊण तास झालेला. औषध संपेपर्यंत दुखणं थांबलं, ईसीजीची उचललेली रेघ खाली आली. त्याच आठवड्यात दुसरा आला, रात्रभर छाती शेकून. औषध तेच दिलं. तो गेला. १९८६ साली इटलीत सुमारे १२ हजार रुग्णांवर हेच औषध तपासलं, तेव्हा पहिल्या तासात ते मिळालेल्यांतले मृत्यू जवळपास निम्म्याने घटले होते. सहा तासांनंतर फायदा उरला नव्हता.

तुमचे तीन तास घरी गेले. यात तुमचा दोष नाही, ईसीजीशिवाय ते दुखणं पित्ताचं की हृदयाचं हे मलाही सांगता आलं नसतं. म्हणूनच छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय, एवढं दिसलं की १०८ ला फोन करायचा. माणसाला चालवायचं नाही, मोटारसायकलवर बसवायचं नाही.

आणि ४० ऐकून घाबरू नका. एका ठोक्यात हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, त्याचा तो आकडा. निरोगी हृदयाचाही तो १०० नसतो, साठच्या आसपास असतो. गोळ्या एक दिवसही चुकवू नका, तीन महिन्यांनी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा करा आणि काय आलं ते मला कळवा.