खाऱ्या वाऱ्यात सैनिकांचं स्मारक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचं गाव सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर. माजी सैनिकांच्या स्मारकाचा खांब बारा वर्षांत कोपऱ्यांवर फुटला, पितळी पाटी हिरवी पडली. आता नव्याने बांधायचं आहे. कंत्राटदार म्हणतात, स्टेनलेस स्टील लावू, मग काळजी नाही.

स्टेनलेस म्हणजे कोणतं, ते आधी विचारा. बाजारात सहज मिळतं ते 304 ग्रेडचं. समुद्राच्या वाऱ्यात त्यावर लवकरच तपकिरी ठिपके दिसू लागतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त टिकतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. स्क्रूसुद्धा 316चेच हवेत. पाटी महागाची आणि स्क्रू साधे लोखंडी, असं फार वेळा होतं. मग स्क्रू गंजतो आणि पहिल्याच पावसात त्याचा लाल ओघळ नावांवरून खाली उतरतो.

आमचं मत विचाराल तर पाटी धातूची नकोच. काळा ग्रॅनाइट घ्या आणि अक्षरं निदान 3 मिलिमीटर खोल कोरा. उथळ अक्षरांत भरलेला रंग उडाला की नाव वाचताच येत नाही. खोल अक्षर रंगाशिवायही सावलीने वाचता येतं.

आता खांब. तो बाहेरून फुटलेला दिसला, तरी दुखणं आत आहे. मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि वरचा थर ढकलून देतो. वरून प्लास्टर आणि रंग लावला तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान एम30 ही मजबुतीची प्रत आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, लागतो. लाटांचे तुषार येत असतील तर एम35 आणि 50 मिलिमीटर. काँक्रीट ओतण्याआधी कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) टेपने मोजा, नंतर काही करता येत नाही. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी अजिबात नको. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड (मिठातला सळई गंजवणारा घटक) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. स्मारक लहान असेल तर सळई टाळून जांभ्याचा भरीव चौथराच बांधा. गंजायला आत काही नसलं की अर्धी भीती गेली.

प्रश्न: चावडीच्या भिंतीत 1914-1919च्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. अक्षरं पुसट झाली आहेत. ऑइलपेंटने रंगवावी का?

नाही, आणि अॅसिडने तर मुळीच धुऊ नका. अॅसिड संगमरवर खातं. गोडं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अशा पाट्यांवर बहुधा गावातून किती गेले आणि किती मेले, एवढंच असतं. नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धमृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे शोधा. गावचे कोणी जहाजावर खलाशी होते का, तेही बघा: मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकात पहिल्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या 2 हजारांहून अधिक खलाशांची नोंद आहे. सापडलेली नावं शेजारी वेगळ्या पाटीवर लावा. जुन्या पाटीवर काही कोरू नका.

प्रश्न: माझे मामा आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर होते. देह मिळाला नाही. गावच्या फलकावर नाव घालता येईल का?

अवश्य घाला. ज्यांना समाधी नाही, त्यांना फलकाचीच जास्त गरज. 9 डिसेंबर 1971च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. दीवला समुद्राकडे तोंड करून स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती. जमलं तर एकदा जाऊन या.

फलकावर हुद्दा, नाव, जहाज आणि तारीख एवढं हवं. हुद्दा आठवणीवर लिहू नका. घरातली पेन्शनची कागदपत्रं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. नोंदी इंग्रजीत असल्याने ण आणि ळ हरवतात: राणेंचे राने होतात, मुळीकांचे मुलीक. म्हणून कोरण्याआधी पूर्ण आकाराचा कागदी नमुना काढा, प्रत्येक घरी नेऊन दाखवा आणि त्यावर सही घ्या.