ठिबकमधून बागेला खत देताना
खत ओढून पाण्यात मिसळणारी व्हेंच्युरी बसवलीस, छान. पण तिच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे ना? नसेल तर मोटर बंद पडली की खताचं पाणी उलटं फिरून मूळ साठ्यात उतरू शकतं. तो आधी लाव, बाकी सगळं नंतर.

सुरुवातीला साधं पाणी, मग खत, शेवटी पुन्हा साधं पाणी, नळ्या धुऊन निघेपर्यंत. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के) सारखं विद्राव्य खत थोडं थोडं दे. एकदम ओतलंस तर नत्र मुळांखाली वाहून जातं. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं खत मात्र एका टाकीत कधीच नको! मी हा शहाणपणा केलाय. तळाशी पांढरा साका, आणि कुंपणाच्या झुडपांचे ड्रिपर मी दोन दिवस सुईने टोचत बसलेलो. पावसाचं लक्षण दिसलं तर खत पुढे ढकल.